१९१४ चा जिरो: ८१ निघाले, ८ पोहोचले

जिरो दि इतालिया या इटलीतल्या टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीची सहावी खेप २४ मे ते ७ जून १९१४ या पंधरा दिवसांत झाली. टप्पे आठ, एकूण अंतर ३१६२ किलोमीटर. दर दिवसाआड एक टप्पा आणि मधला दिवस विश्रांतीचा. १९०९ च्या पहिल्या जिरोतही आठच टप्पे होते, पण अंतर २४४८ किलोमीटर होतं. म्हणजे टप्पे तेवढेच ठेवून वर सातशेहून अधिक किलोमीटर लादले. आठांपैकी पाच टप्पे चारशेच्या पुढचे. सर्वांत कठीण जिरो कोणता, हा वाद निघाला की जाणकार बहुतेक याच वर्षावर बोट ठेवतात, आणि ते बरोबर आहे.

दुसरा बदल कागदावरचा होता, पण त्याचा परिणाम अंतराइतकाच मोठा झाला. पहिली पाच वर्षं निकाल गुणांवर लागायचा: टप्प्यात जो क्रमांक, त्यानुसार गुण. दोन स्वारांत एका सेकंदाचं अंतर असो की एका तासाचं, गुणांच्या हिशेबात फरक एका क्रमांकाचाच. १९०९ साली वेळ मोजली असती तर लुइजी गान्नाऐवजी जोव्हान्नी रोस्सिन्योली जिंकला असता, तोही सदतीस मिनिटांनी. १९१४ पासून मात्र प्रत्येक टप्प्याची वेळ बेरजेत धरायचं ठरलं. त्यामुळे रात्री अडीच वाजता रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्यात गेलेली बारा मिनिटं आता मिलानला शर्यत संपेपर्यंत पाठ सोडणार नव्हती.

सुटण्याआधी: मिलान

सायकल पोलादी, वजन साधारण १३ ते १५ किलो. शर्यतीआधी तिच्यावर पंचांचे शिक्के बसायचे, म्हणजे वाटेत कुणी नवी सायकल हातात देऊ शकणार नाही. मोडलं तर ज्यानं त्यानं स्वतः दुरुस्त करायचं. ठरलेल्या ठाण्यांवर थांबून वहीत सही करायची. सही नसली तर टप्पा धरला जात नाही.

चालता चालता गिअर बदलण्याची सोय नव्हती. मागच्या चाकाच्या हबला दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असायचं, एक सपाटीचं आणि एक चढाचं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, पंखाचे नट हातानं सैल करायचे, चेन उतरवायची, चाक काढून उलटं फिरवून बसवायचं, चाक मागे ओढून चेन ताणायची आणि नट आवळायचे. नमुन्यादाखल हिशेब करू: पुढे ४६ दाते, मागे १८. चाकाचा परीघ २.१३ मीटर धरला तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४४ मीटर जाते. मागे २२ दाते घेतले तर ४.४५ मीटर. ताशी १० किलोमीटरनं घाट चढताना पहिल्या जोडीवर मिनिटाला साधारण ३१ फेरे पडतात, दुसरीवर ३७. फरक सहाच फेऱ्यांचा, पण एकतीसच्या गतीला प्रत्येक फेऱ्यात गुडघा अडतो आणि स्वार उतरून चालू लागतो.

मग मागे सरळ २८ दात्यांचं चक्र का लावायचं नाही? चाक फिरवलं तरी चेन तीच राहते, म्हणून. अर्ध्या इंचाच्या चेनवर चार दात्यांचा फरक असला तर आस साधारण १३ मिलिमीटर पुढेमागे सरकते. दहा दात्यांचा फरक म्हणजे ३२ मिलिमीटर. तेवढी लांब खाच फ्रेमला नसली तर चेनची एखादी कडी काढावी किंवा जोडावी लागते, आणि पावसात थरथरत्या बोटांनी ते कुणी करत नाही. चाक घाईत तिरकं बसलं तर टायर फ्रेमला घासतो. चेन सैल राहिली तर पहिल्या खड्ड्यात उतरते. चिखलात या दोन्ही गोष्टी हमखास होतात.

२४ मे: मिलान ते कुनेओ, ४२० किलोमीटर

मध्यरात्रीच्या सुमाराला सुटले. सुटताना वादळी पाऊस होता आणि अमावास्या तोंडावर आलेली, म्हणजे आभाळ मोकळं असतं तरी चंद्राचा उपयोग नव्हताच. त्या काळी सायकलचा चांगला दिवा म्हणजे कार्बाइडचा. वरच्या डबीतलं पाणी थेंबाथेंबानं खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडतं, वायू तयार होतो, तो बारीक तोटीशी पेटतो. थेंब जास्त पडले तर ज्योत भडकते आणि काजळी धरते, कमी पडले तर विझते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादऱ्यानं थेंबांचं प्रमाण सतत बदलत राहतं. तोटीत चुन्याचा चिखल अडकला तर तारेनं साफ करण्यावाचून इलाज नसतो. जोराच्या पावसात असल्या दिव्याच्या भरवशावर सायकल हाकणं म्हणजे निम्मा रस्ता अंदाजानंच.

रस्ते डांबराचे नव्हते. माती-खडीचा रस्ता ओला झाला की खडी वर येते आणि टायरला चिरे पडतात. घोड्यांच्या नालांचे खिळे तर तेव्हाच्या कुठल्याही रस्त्यावर सापडायचे. या रात्री कुणीतरी मुद्दाम टाकलेलेही होते.

उजाडल्यावर आल्प्स. सेस्त्रिएरे हा २०३५ मीटर उंचीचा घाट. इथं आंजेलो ग्रेमो पुढे निघाला आणि कुनेओपर्यंत कुणाला सापडला नाही.

चढापेक्षा पुढचा उतार अधिक घातक. घाटमाथ्यापासून किझोने नदीच्या खोऱ्यानं पिनेरोलोपर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटरची उतरंड आहे आणि उंची सोळाशे मीटरनं कमी होते. चढताना अंगातली लोकरी जर्सी घामानं आणि पावसानं भिजते, उतारावर तीच अंगाची ऊब खेचून घेते. पायांना काम नाही, वारा समोरून. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही तेच कळत नाही. म्हणून जर्सीखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी कोंबायची जुनी रीत. शिवाय ओल्या लाकडी रिमवर ब्रेकचं रबर आधी नुसतं घसरतं आणि मग एकदम पकडतं. वेग वाढायच्या आधीच हलके हलके दाबत रिम कोरडी ठेवायची, हा एकच उपाय.

निम्म्याच्या आसपास स्वार या एका दिवसात गळाले. त्यांत १९०७ आणि १९०८ चा तूर द फ्रान्सचा विजेता ल्यूसिआं पेती-ब्रतॉंही होता.

२५ मे: कुनेओ, विश्रांती

विश्रांती कागदावरची. खरा दिवस जायचा टायरमध्ये.

शर्यतीचा टायर ट्युब्युलर: आतली ट्यूब बाहेरच्या कापडी नळीत बंद करून खालून शिवलेली, आणि अख्खी नळी रिमला लुकणानं चिकटवलेली. वाटेत पंक्चर झालं तर जुना टायर सोलून काढायचा आणि खांद्यावरून छातीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला नवा चढवायचा. आधी थोडी हवा भरून टायरला आकार द्यायचा, व्हॉल्व्ह भोकातून घालायचा, तिथून दोन्ही हातांनी टायर ताणत समोरच्या टोकापर्यंत यायचं, शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी वर लोटायचा. मग टायर सरळ बसलाय का ते चाक फिरवून बघायचं आणि पूर्ण हवा भरायची. सरावलेल्याला कोरड्यात पाच मिनिटं पुरतात. पावसात गोम अशी, की रिमवरचं लुकण ओलं झालेलं असतं, टायर नुसत्या हवेच्या दाबावर रिमला धरून राहतो आणि उताराच्या वळणावर कडेला लोळतो. नवा टायर चढवल्यावर पहिले काही किलोमीटर वळणं सावकाश घ्यायची, हे अनुभवी स्वार पाळायचा. नवशिका गेलेली मिनिटं भरून काढायला जोर लावायचा आणि पडायचा.

बरोबरचे दोन टायर संपले की मग खरी कसोटी. भोक शोधायचं, त्या जागी खालची पट्टी सोडवायची, आठ-दहा सेंटिमीटर शिवण कापायची, ट्यूब बाहेर ओढून पुसून कोरडी करायची, घासायची, सोल्युशन लावून ते वाळू द्यायचं, ठिगळ दाबायचं, शंखजिरं भुरभुरायचं, ट्यूब आत घालायची आणि सुईदोऱ्यानं शिवण पुन्हा घालायची. शिवताना सुई ट्यूबला लागली तर पहिल्यापासून सुरुवात. ओलसर ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, म्हणून पावसात हे काम एखाद्या ओसरीखालीच. पाऊण तास सहज जातो. शहाणे स्वार ही शिलाई विश्रांतीच्या दिवशी खोलीत बसून उरकायचे आणि पुढच्या टप्प्याला दोन्ही टायर तयार घेऊनच निघायचे.

२६ मे: कुनेओ ते लुक्का, ३४०.५ किलोमीटर

आल्प्सच्या पायथ्यापासून लिगुरियाच्या किनाऱ्याला आणि तिथून तोस्कानात. या पट्ट्यातला जुना रस्ता म्हणजे रोमन काळापासूनची व्हिया आउरेलिया. नकाशावर तो समुद्राकाठचा दिसतो म्हणून फसू नये. एकामागून एक डोंगराचे सुळके पाण्यात उतरतात आणि रस्ता प्रत्येकाला चढून उतरतो. जेनोवाच्या पुढे तर तो समुद्र सोडून ब्राक्को खिंडीत सहाशे मीटरपर्यंत चढतो. चाक फिरवून गिअर बदलणाऱ्याला असला रस्ता सर्वांत वाईट. चढ लहान, म्हणून दर वेळी उतरणं परवडत नाही. आणि उतरलं नाही तर मोठ्या गिअरवर गुडघे जातात.

स्टुक्की या सायकल कंपनीच्या संघाचा अल्फोन्सो काल्झोलारी टप्पा जिंकला आणि एकूण वेळेतही पहिला आला. वय २७, बोलोन्याजवळच्या व्हेर्गातोचा.

२८ मे: लुक्का ते रोम, ४३०.३ किलोमीटर

जिरोच्या आजवरच्या इतिहासातला सर्वांत लांब टप्पा. पुन्हा अंधारात सुरुवात.

एका रेल्वे फाटकापाशी घोळका अडकला आणि लाउरो बोर्दिन निसटला. मग तो एकटाच साडेतीनशे किलोमीटर पुढे राहिला, सुमारे चौदा तास. एवढ्या लांब एकट्यानं पळण्याचा जिरोतला विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. रोम जवळ आल्यावर मागच्यांनी त्याला गाठलं.

यामागचं गणित निष्ठुर आहे. घोळक्यात मागे बसणाऱ्याला वाऱ्याचा भार पुढच्यापेक्षा पाव ते एकतृतीयांश कमी लागतो आणि पुढची जागा आळीपाळीनं बदलते. एकट्याला सुट्टी नाही. ताशी २५ च्या आत वारा कमी जाचतो, म्हणून मातीच्या रस्त्यावर एकट्याची तग आजच्यापेक्षा जास्त होती. पण पाण्यासाठी थांबावं लागलं, सहीसाठी थांबावं लागलं, पंक्चर झालं, की प्रत्येक वेळी अंतर तेवढंच कमी होतं; मागच्या घोळक्यातला एखादा थांबला तर घोळका मात्र थांबत नाही. बोर्दिनचा डाव वेडेपणाचा नव्हता. वेळेच्या बेरजेवर निकाल लागणाऱ्या शर्यतीत फाटक बंद असताना बाहेर असणं म्हणजे फुकटची मिनिटं. चूक एवढीच, की ती मिनिटं शर्यतीच्या सुरुवातीला मिळाली, शेवटाला नाही.

टप्पा जिंकला कोस्तान्ते जिरारदेंगो. वय २१, इटलीचा राष्ट्रीय विजेता, वेळ १७ तास २८ मिनिटं ५५ सेकंद. हाच पुढे दोन जिरो आणि सहा वेळा मिलान–सान रेमो ही एका दिवसाची शर्यत जिंकणार होता. ही १९१४ ची शर्यत मात्र तो पुरी करू शकला नाही.

३० मे: रोम ते आव्हेलिनो, ३६५.४ किलोमीटर

जुझेप्पे आझ्झिनी जिंकला, काल्झोलारीनं आघाडी राखली. आदल्या वर्षीच्या जिरोत आझ्झिनी तिसरा होता. त्याचा भाऊ एर्नेस्तो हा तूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणारा पहिला इटालियन, १९१० साली.

१ जून: आव्हेलिनो ते बारी, ३२८.७ किलोमीटर

आठांतला सर्वांत छोटा टप्पा, आणि तो सव्वातीनशेचा. आझ्झिनीनं हाही घेतला आणि एकूण वेळेत काल्झोलारीला मागे टाकून पहिला आला.

आता पोटाचा विचार. ताशी किमान ४०० कॅलरी धरल्या तरी एकोणीस तासांच्या दिवसाला साडेसात हजारांवर जातात. एवढं अन्न सायकलवर बसून पोटात जात नाही. तेव्हाचं खाणं म्हणजे पाव, कोंबडी, अंडी, फळं, कॉफी, वाइन. अंडी बहुधा कच्चीच. घास घट्ट असला की चढावर गिळवत नाही, आणि भूक लागेपर्यंत थांबलं तर पाय गळाल्यावर खाऊन उपयोग नसतो. पोटातलं पायापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आज पहिल्या तासापासून थोडं थोडं गोड खायला लावतात. तेव्हा ठाण्यापर्यंत दम काढायचा आणि तिथं पोटभर खायचं, अशी पद्धत होती. म्हणून जेवणानंतरच्या चढावर माणसं ओकत.

३ जून: बारी ते लाक्विला, ४२८ किलोमीटर

शर्यत इथं फिरली. समुद्रसपाटीवरच्या बारीपासून आपेन्नीनो पर्वत ओलांडून आब्रुत्सो प्रांतात, शेवट सातशे मीटर उंचीवर. हवा खराब, रस्ते चिखलाचे. लुइजी लुकोत्ती जिंकला तो १९ तास २० मिनिटं ४७ सेकंदांत. ताशी सरासरी २२ किलोमीटर, आणि ही सर्वांत पुढच्या माणसाची.

आघाडीवरचा आझ्झिनी पोहोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो एका गोठ्यात सापडला, तापानं फणफणलेला. अंग ओलं, पोट रिकामं, बाहेर गारठा, अशा वेळी आधी थरथर सुटते, मग थरथर थांबते आणि माणसाला बरं वाटू लागतं. तीच धोक्याची खूण. त्या अवस्थेत आडोसा शोधून आडवं होणं हे सोळा-सतरा तास चाललेल्या शरीराचं शहाणपणच म्हणायचं.

वादाची जागा पोपोलीची वळणं. पोपोली गाव अडीचशे मीटर उंचीवर. तिथून रस्ता सात-साडेसात किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे मीटर चढतो, सरासरी सहा टक्के. सेस्त्रिएरेपुढे ही किरकोळ चढण. पण ती येते साडेतीनशेहून अधिक किलोमीटर झाल्यावर, पाय संपलेले असताना. इथं काल्झोलारी, क्लेमेन्ते कानेपारी आणि कार्लो दुरान्दो मोटारीला धरून चढले, असा ठपका आला. (आजही या वळणांवर मोटारींच्याच चढ-शर्यती होतात.)

४ जून: लाक्विला, विश्रांती

तिघांनाही तीन तासांचा दंड झाला. काल्झोलारी तरीही पहिला राहिला. यावरूनच बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजावं. मोटारीला धरल्याबद्दल नियमानं शर्यतीबाहेर काढायला हवं होतं, ही इटलीच्या सायकल महासंघाची भूमिका. आयोजक ‘गाझ्झेत्ता देल्लो स्पोर्त’ हे वर्तमानपत्र दंडावर भागवायच्या बाजूचं. नियमाच्या अंगानं महासंघाचं म्हणणं खरं होतं. पण तिघांना काढून टाकलं असतं तर मिलानला पोहोचणारे पाचच उरले असते, हे दंड ठरवणाऱ्यांना दिसत असणारच.

विश्रांतीचा हिशेबही मांडून बघण्यासारखा आहे. दोन टप्प्यांच्या सुटण्यात ४८ तासांचं अंतर धरलं तर एकोणीस तास वीस मिनिटं सायकलवर गेल्यावर लुकोत्तीकडे अठ्ठावीस तास चाळीस मिनिटं उरतात. दोन-चार तास मागे राहिलेल्याला तेवढे कमी. त्यातच जेवण, टायरची शिलाई, चेन आणि बेअरिंगमधला चिखल धुणं, बुडाच्या जखमांना मलम. पहिला येणारा जास्त झोपतो, शेवटचा कमी. म्हणून अशा शर्यतीत अंतरं टप्प्यागणिक फुगत जातात.

५ जून: लाक्विला ते लुगो, ४२९.१ किलोमीटर

पिएरिनो आल्बिनी जिंकला. या टप्प्यापर्यंत शर्यत कोण जिंकतं यापेक्षा कोण उरतं हाच प्रश्न होता. लुगो हे रोमान्यातलं छोटं गाव. पहिल्या महायुद्धात नाव काढलेला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का इथलाच.

७ जून: लुगो ते मिलान, ४२०.३ किलोमीटर

पो नदीचं सपाट खोरं, चाक फिरवायची गरज नाही, आणि पौर्णिमा एका दिवसावर आलेली. आल्बिनीनं हाही टप्पा घेतला.

पोहोचलेले आठ: काल्झोलारी, आल्बिनी, लुकोत्ती, कानेपारी, एनरिको साला, दुरान्दो, ओत्ताव्हिओ प्रातेझी, उंबेर्तो रिपामोन्ती. काल्झोलारीची एकूण वेळ १३५ तास १७ मिनिटं ५६ सेकंद, सरासरी ताशी २३.४ किलोमीटरच्या जरा आत. आल्बिनी १ तास ५७ मिनिटं २६ सेकंदांनी मागे. पहिल्या-दुसऱ्यातलं एवढं अंतर जिरोत पुन्हा कधी पडलं नाही. शेवटचा रिपामोन्ती सतरा तासांहून अधिक मागे होता, म्हणजे जवळजवळ एक अख्खा टप्पा.

पोपोलीचा वाद मिलानला संपला नाही. तो कोर्टात गेला आणि १९१५ साली निकाल काल्झोलारीच्या बाजूनं लागला. त्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि चार वर्षं जिरो झालाच नाही. १९१३ चा विजेता कार्लो ओरियानी आणि पेती-ब्रतॉं दोघेही डिसेंबर १९१७ मध्ये गेले. पहिला कापोरेत्तोच्या लढाईनंतरच्या माघारीत नदीत पोहल्यावर झालेल्या न्यूमोनियानं, दुसरा फ्रान्समध्ये मोटार अपघातात. काल्झोलारी मात्र १९८३ पर्यंत, वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत जगला.

१९१९ साली शर्यत पुन्हा भरली तेव्हा टप्पे दहा होते आणि अंतर २९८४ किलोमीटर. टप्प्याची सरासरी ३९५ वरून तीनशेच्या आत आली. ६३ निघाले, १५ पोहोचले, आणि दहापैकी सात टप्पे घेऊन जिंकला जिरारदेंगो.